बक्षीस ठेवा, शेरा द्या

दिवाळी आठ दिवसांवर आली की बेळगावातली पोरं घरात सापडत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर, देवळामागं, कुणाच्या तरी रिकाम्या प्लॉटवर ती कोपरापर्यंत चिखलात असतात. किल्ला चालू असतो. शाळकरी पोरांचा चार-पाच फुटी, मोठ्या मंडळाचा अख्खी मोकळी जागा व्यापणारा. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट, लाल माती, उतारावर पेरलेले आळीव. मग दिवाळीत एखाद्या संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक येतात. पोरं हातपाय धुऊन, केसांना पाणी लावून ओळीनं उभी राहतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका किल्ल्यापाशी मी उभा होतो. पोरांनी राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मध्ये बालेकिल्ला. परीक्षक निवृत्त शिक्षक असावेत. पँट वर ओढून ते किल्ल्यासमोर उकिडवे बसले आणि एका माचीवर बोट ठेवून म्हणाले, “ही कुठली?”

“संजीवनी, सर.”

“तटबंदी एकेरीच केलीस बाळा.”

पोरगं गप्प. त्यांनी शेजारच्या ढिगातून दोन चपटे खापराचे तुकडे उचलले, एकामागं एक उभे केले, मध्ये बोटभर फट ठेवली. “अशी आहे ती. बाहेरची भिंत पडली तरी शत्रू आत येत नाही, दोन भिंतींच्या मध्ये सापडतो. अंगावर चिलखत कशाला घालतात? तसंच आहे हे, म्हणून तर चिलखती म्हणायचं.” एवढं बोलून, वहीत काहीतरी टिपून ते पुढच्या गल्लीत गेले. त्या पोरांना नंबर मिळाला नाही. पुढच्या दिवाळीला मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो. पुन्हा राजगडच होता. तेच पोरगं, आता आवाज फुटलेला, मला म्हणालं, “दोन भित्त्या हाईत बघा. मधी हात घालून बघा की.” मी हात घातला. मनगटापर्यंत गेला.

कलेची स्पर्धा कशासाठी असते, हा प्रश्न मला कुणी विचारला की तो खापराचा तुकडा आठवतो. त्या परीक्षकांनी पोराला दिलं ते बक्षिसाच्या यादीत कुठंच नव्हतं, आणि वर्षभर पोराच्या डोक्यात राहिलं ते मात्र तेच. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या सीमाभागात चित्रकलेच्या, रांगोळीच्या, पोस्टरच्या, सुलेखनाच्या ज्या असंख्य स्पर्धा होतात, त्यांतल्या बहुतेक मुलांना मुकं परत पाठवतात. नंबर सांगतात आणि कारण सांगत नाहीत. ज्याला कारण कळलं नाही तो वाढत नाही, जिंकला तरी वाढत नाही. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळानं, शाळेनं, वाचनालयानं आणि पतसंस्थेनं आलेल्या प्रत्येक कामावर निदान एक ओळीचा शेरा लिहून ते काम परत देणं आपलं कर्तव्य मानावं.

हे मी दुरून बोलत नाही. नववीत असताना मी तालुक्याच्या एका स्पर्धेत उतरलो होतो. विषय मुक्त होता. मी कुंभाराची भट्टी काढली होती. खानापूरकडं जाताना कुठंतरी बघितलेली, धुराच्या आत लालसर उजेड असलेली. तो उजेड कसा काढायचा ते मला येत नव्हतं. आधी पिवळा लावला, त्यावर तांबडा, मग पुन्हा पिवळा. कागद खरवडून निघाला. तिसरा नंबर आला. व्यासपीठावर हात जोडून प्रमाणपत्र घेतलं. नावात चूक होती, पण त्याचं काही नाही. पंधरा दिवसांनी मी चित्र मागायला गेलो. तिथल्या शिपाईमामांनी आत जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “चित्रं रद्दीत गेली बाळ, आता कुठली मिळणार?”

मला आजही माहीत नाही की तिसरा नंबर का आला. उजेड चुकला म्हणून पहिला हुकला, की उजेड जमला म्हणून तिसरा तरी मिळाला? दोन्ही खरं असू शकतं. परीक्षकाला मी भेटलो नाही. पहिलं आलेलं चित्र बघायलाही मिळालं नाही, कारण प्रदर्शन नव्हतंच. त्यानंतर मी दहा-बारा वर्षं भट्टी काढली नाही. राग नव्हता, पण पुढं काय करायचं तेच कळत नव्हतं. तो उजेड तिथंच राहिला.

आता कुणी म्हणेल, स्पर्धा ही शाळा थोडीच आहे? शिकवायचं काम चित्रकलेच्या शिक्षकांचं. हे पुण्या-मुंबईत ठीक आहे. आमच्याकडं स्पर्धा हीच शाळा असते. बेळगाव तालुक्यातल्या, खानापूरच्या, निपाणीकडच्या कितीतरी मराठी शाळांतल्या मुलाला रंग दाखवून “हे बघा, बरं झालंय का?” असं विचारायला माणूस नाही. या गावात एकेकाळी तसा माणूस होता. के. बी. कुलकर्णी सरांचं चित्रमंदिर बेळगावात होतं. १९३५ साली बेळगावातच जन्मलेले रवी परांजपे तिथं शिकले आणि पुढं देशभर नाव झालेले चित्रकार झाले. एका गावात एक माणूस मुलांच्या चित्राशेजारी उभा राहिला तर काय होतं, याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्याला दुसरं शोधावं लागत नाही.

परीक्षांचंही आमच्याकडं त्रांगडं आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं तिथं शाळा त्या मनावर घेतात. मूल वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या पायऱ्यांतून जातं, आवडो न आवडो. आमची मुलं कर्नाटक बोर्डाची. त्यांच्यासाठी लोअर आणि हायर या इथल्या परीक्षा आहेत, आणि महाराष्ट्राच्या ग्रेडचा त्यांच्या दहावीच्या मार्कांना काही उपयोग नाही. घरात मराठी, कोल्हापूरच्या प्रदर्शनांच्या बातम्या मराठी पेपरात, मार्क मात्र बेंगळूरच्या हिशेबानं. या दोन्हींच्या मधल्या फटीत मुलाच्या हाताला जे थेट लागतं ते म्हणजे गणपतीतली, शिवजयंतीतली, दिवाळीतली स्पर्धा. म्हणून ती मुकी असली की नुकसान दुप्पट होतं.

मी आता बेळगावात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीची पत्रकं, दुकानांच्या पाट्या, वीस वर्षं हेच. हाताला वळण आहे, पण वळण पडलं की ते मोडत नाही, हेही तितकंच खरं. गेल्या साली सीमेपलीकडच्या एका संस्थेनं कला आणि डिझाइनची स्पर्धा जाहीर केली. वयाची अट नव्हती. विषय होता, आपल्या भागातल्या एका धंद्याची ओळख तयार करा: पाटी, वेष्टन, लेबल. मी खानापूरची मातीची भांडी घेतली. खानापूरच्या मातीचा लौकिक जुना आहे. विटा, कौलं, मडकी सगळी तिथली, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. मनात कुठंतरी ती नववीतली भट्टीही असणार.

काम मी मन लावून केलं. पाटी दोन लिप्यांत, वर कन्नड, खाली मराठी. आमच्याकडं हे टाळता येत नाही. २०२४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन धंद्याच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं. त्यावर माझं मत काय आहे हे सीमाभागातल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायची गरज नाही, आणि सीमेचा मोठा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेच. पण पाटी करणाऱ्याला त्याच दिवशी पाटी द्यायची असते. दोन्ही लिप्या त्याला एका पत्र्यावर नांदवाव्याच लागतात. खोक्यावर मी मडक्याचं चित्र काढलं, तांबड्या मातीच्या रंगात, खाली नाव. मला ते फार आवडलं होतं.

नंबर आला नाही. पण महिनाभरानं एक पाकीट आलं. त्यात माझ्या कामाच्या छोट्या प्रती आणि हातानं लिहिलेलं एक पान होतं. त्यातल्या दोन गोष्टी मी पाठ केल्यात. पहिली अशी: “खोक्यात मडकं आहेच, मग खोक्यावर पुन्हा मडकं कशाला? गिऱ्हाइकाला भीती आहे ती घरी जाईपर्यंत फुटण्याची. खोक्यानं त्या भीतीला उत्तर द्यावं.” दुसरी: “कन्नड अक्षरं तुम्ही मराठीच्या मापानं कापली आहेत. ती पाहुणी वाटतात. त्यांना त्यांच्या बैठकीवर बसू द्या.”

पहिला शेरा वाचून मला राग आला, दुसरा वाचून लाज वाटली. मग दोन्ही घेऊन मी निघालो.

खानापूरच्या एका कुंभाराकडं मी अर्धा दिवस बसलो. ते टेम्पोत माल भरत होते. मडकी पालथी, तोंडाला तोंड न लावता, प्रत्येक दोहोंच्या मध्ये पिंजराची चुंबळ. पिंजर म्हणजे भाताचा वाळलेला पेंढा, आमच्याकडं तोच शब्द. त्यांनी एक चुंबळ माझ्या हातात दिली. दाबली की दबत होती, सोडली की पुन्हा फुगत होती. “फुटत नाही काय?” मी विचारलं. ते म्हणाले, “भांडं भांड्याला लागलं तर फुटतंय. पिंजराला लागून आजवर फुटलं नाही.” वीस वर्षं खोकी छापणाऱ्या माणसाला खोकं कसं असावं हे त्या एका वाक्यात कळलं. मी परत येऊन पुठ्ठ्याचं आतलं कडं कापलं, चुंबळीच्या आकाराचं, मडक्याच्या बुडाला आणि गळ्याला धरणारं. वरचं चित्र काढून टाकलं. खोक्याच्या वरच्या बाजूला कड्याएवढं भोक ठेवलं, त्यातून मडक्याचा काठ दिसतो आणि हातही लावता येतो. मडकं स्वतःच स्वतःचं चित्र झालं.

दुसऱ्या शेऱ्यासाठी मी एका कन्नड बोर्ड पेंटरकडं गेलो. साठी उलटलेली, फ्लेक्सनं त्यांचं काम गेलेलं. त्यांनी जुन्या पाटीच्या मागं खडूनं काढून दाखवलं. आपली देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते. रेघ आधी मनात असते, अक्षरं तिच्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी खाली येतात. कन्नडात सगळ्यांना बांधणारी अशी एक रेघ नाही. प्रत्येक अक्षर स्वतःपुरतं गोल बसतं आणि आपल्या डोक्यावर आपापला छोटा फेटा घालतं, त्याला ते तलकट्टू म्हणतात. मराठीतला उकार पायाशी लटकतो, कन्नडातला उजव्या अंगाला वळून शेजारी बसतो. उलट येळ्ळूर हे गावाचं नाव लिहायला घ्या. आपला ळ्ळ जोडीनं शेजारी उभा राहतो, कन्नडात दुसरा ळ पहिल्याच्या पोटाखाली जातो. म्हणजे खालची जागा दोघांनाही लागते, पण वेगवेगळ्या कारणासाठी. मी मात्र वीस वर्षं दोन्ही ओळींना एकाच मापाची पट्टी लावत आलो होतो. वर कन्नडाचे पाय छाटायचे, खाली मराठीच्या मात्रा दाबायच्या, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, बसलं बघा बरोबर.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. कॉम्प्युटरवर देवनागरीसाठी आलेला मंगल हा फाँट आणि कन्नडसाठी आलेला तुंगा हा फाँट, आपल्या दुकानांतल्या विंडोजवर वर्षानुवर्षं हे दोन्ही आहेत. या दोन्हींचं काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं ते एकच मराठी सुलेखनकार होते, र. कृ. जोशी. कवी आणि अक्षरांचे जाणकार. मी ही दोन नावं मेनूत रोज बघत होतो आणि त्यांच्यामागं एकच माणूस आहे हे त्या शेऱ्यानंतर शोधायला लागल्यावर कळलं. शेजारच्या लिपीला तिच्या बैठकीवर बसवायचं, ही मराठी माणसानं केलेली गोष्ट आहे. सीमेवर राहणाऱ्या मला ती आधी माहीत असायला हवी होती.

एका पानाच्या शेऱ्यानं मला एवढं फिरवलं. पहिला नंबर आला असता तर? मी खरं सांगतो, ढाल दुकानात लावली असती आणि मडक्यावर मडकं छापत राहिलो असतो.

आता याला हरकती आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. मंडळाचे कार्यकर्ते म्हणतात, तीनशे चित्रं येतात, परीक्षक दुपारी जेवण करून येतात, पाचला बक्षीस समारंभ असतो, शेरा कुठं लिहायचा? हिशेब करून बघा. तीनशे चित्रं, तीन परीक्षक, प्रत्येकाकडं शंभर. एका चित्राला तीन मिनिटं दिली तर पाच तास होतात. म्हणजे एक दिवस. निकाल त्याच संध्याकाळी लावायचा हट्ट सोडला की झालं. आणि परीक्षकाला नारळ-शाल देऊन मोकळं होण्याऐवजी दिवसाची मजुरी द्या. पैसा कुठून आणायचा? ढालींतून. आमच्याकडं एका स्पर्धेला अकरा-अकरा ढाली, उत्तेजनार्थ वेगळ्या, पाहुण्यांना स्मृतिचिन्हं वेगळी, शिवाय स्टेजमागचा दहा बाय वीसचा फ्लेक्स. तो फ्लेक्स मीच छापतो, त्यामुळं त्याचा खर्च मला माहीत आहे. माझं गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण फ्लेक्स निम्मा करा आणि परीक्षकाला एक दिवस जास्त बसवा.

दुसरी हरकत पालकांची. शेऱ्यानं पोरांचं मन मोडतं म्हणतात. मन मोडतं ते न बोलण्यानं. पोराला वाटतं आपलं चित्र कुणी बघितलंच नाही, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. संजीवनी माचीवर बोट ठेवणारे ते सर आठवा. त्यांनी चूक दाखवली, पण उकिडवे बसून, खापराचा तुकडा हातात घेऊन. शेरा म्हणजे मार्क कापायचं कारण असं समजून लिहिलं तर तो टोचेल. पुढच्या चित्राला उपयोगी पडावा म्हणून लिहिला तर पोर तो वहीत चिकटवून ठेवेल. “छान”, “सुंदर”, “प्रयत्न चांगला” हे शेरे मात्र नकोत. ते न लिहिलेले बरे.

तिसरी हरकत जाणत्या चित्रकारांची, आणि तिच्यापुढं मी थोडा थांबतो. ते म्हणतात, कलेत स्पर्धाच नको, तुलनेनं मूल स्वतःचं सोडून परीक्षकाच्या आवडीचं काढायला लागतं. चौथीपर्यंतच्या मुलांपुरतं मला हे शंभर टक्के पटतं. त्या वयाला नंबर देणं मी बंदच करीन, सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावा आणि खाऊ द्या. पण मोठ्या मुलांना मुदत लागते, विषयाची अडचण लागते, अनोळखी डोळा लागतो. घरच्यांनी वीस वर्षं माझं काम बघून छान म्हटलं होतं. अनोळखी माणसानं खोक्यावरचं मडकं काढून टाकायला लावलं.

विषयांचंही बोललं पाहिजे. आमच्या भागात पोस्टर स्पर्धा म्हटली की विषय ठरलेले: पाणी वाचवा, झाडे लावा, मोबाईलचे दुष्परिणाम. त्यामुळं चित्रंही ठरलेली. रडणारी पृथ्वी, तिला हातांची ओंजळ, नळातून पडणारा शेवटचा थेंब. पोरांचा दोष नाही, त्यांनी आधीच्या वर्षीचं पहिलं आलेलं चित्र मोबाईलवर बघितलेलं असतं. पण हाच विषय “तुमच्या गल्लीत पाणी कुठल्या दिवशी येतं आणि तेव्हा काय चालतं” असा दिला तर? घागरींची रांग, मोटारीला लावलेला पाइप, भांडण, शेजारणीची थट्टा, सगळं कागदावर येईल, आणि कुठलंही दुसऱ्यासारखं नसेल. अथणीची चप्पल, गोकाकची लाकडी फळं आणि खेळणी, शहापूर-वडगावच्या मागावरचं लुगडं, हे सगळं आमच्या जिल्ह्यातलं आहे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे, आणि त्या आठांत बेळगाव आहे. म्हणजे सीमा आड न येता दोन राज्यांनी मिळून सांभाळलेली एक वस्तू आपल्या पायात आहे. एकदा तरी डिझाइन स्पर्धेचा विषय “चपलेचा कान” असा ठेवून बघा. मुलं चर्मकाराच्या दुकानात जाऊन बसतील. तिथं ती जे शिकतील ते आमच्या कुठल्याही ढालीत मावणार नाही.

आणि जिंकलेल्याचं कारणही सगळ्यांना कळलं पाहिजे. रुपयाच्या चिन्हाची देशव्यापी स्पर्धा झाली होती, तीन हजारांवर नमुने आले होते आणि २०१० च्या जुलैत उदय कुमार यांचा नमुना मंजूर झाला. आमच्या धंद्यातल्या लोकांना त्यातलं निकालापेक्षा आवडलं ते त्यामागचं स्पष्टीकरण: देवनागरी र, दांडी नसलेला इंग्रजी आर, वरची शिरोरेषा आणि तिच्यातून दिसणारा तिरंगा. ज्याला पटलं नाही त्यालाही कशाशी भांडायचं ते कळलं. गावच्या स्पर्धेत एवढं मोठं काही नको. पहिल्या चित्राखाली परीक्षकांनी चार ओळी लिहून ते आठवडाभर वाचनालयात लावावं. बाकीची सगळी चित्रंही लावावीत, न जिंकलेलीसुद्धा. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची बक्षिसं ही मुळात प्रदर्शनाची बक्षिसं. आधी चित्र भिंतीवर लागतं, मग त्याला पदक. चित्र न लावता नुसता निकाल वाचून दाखवायची पद्धत आपण कुठून उचलली कुणास ठाऊक. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे, कडोली-उचगाव-येळ्ळूरसारख्या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या मंडपाच्या कनाती रिकाम्याच असतात. त्यांवर मुलांची चित्रं का नकोत?

शेरा कुठल्या भाषेत लिहायचा, हाही आमच्याकडं प्रश्न होतो. माझं उत्तर, मूल ज्या भाषेत चित्राबद्दल बोलतं त्या भाषेत. मराठी मुलाला मराठीत, कन्नड मुलाला कन्नडात. परीक्षकांत एक तरी दोन्ही जाणणारा असावा, बेळगावात असा माणूस शोधायला गल्ली ओलांडावी लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याजवळच्या एका गावच्या मंडळानं मला चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. मी अट घातली, चित्रं दोन दिवस घरी नेणार. ते हो म्हणाले. एकशे चाळीस चित्रं होती. प्रत्येकाच्या पाठीमागं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली. सोपं नव्हतं. पहिल्या वीस चित्रांनंतर मीही “रंगसंगती चांगली” असं लिहायला लागलो होतो, मग उठून चहा केला आणि ते सगळे खोडून पुन्हा बघायला बसलो.

एक चित्र सातवीतल्या मुलीचं होतं. उसाची बैलगाडी, मागं धुरांडं, आभाळ स्वच्छ निळं. गाडीवाटेची चाकोरी मात्र तिनं खूप खोल काढली होती, जवळजवळ चाकाच्या आसापर्यंत. मी मागं लिहिलं, “पाऊस नाही, आभाळ कोरडं आहे. मग चाकोरी एवढी खोल कशी?” मला वाटलं, चांगलं पकडलं.

चित्रं परत देण्याच्या दिवशी ती आली. चित्र उलटं करून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, “सर, पावसाळ्यात गाडी जात्या तवा चिखलात पडलेली चाकोरी ही. मग ती तशीच वाळून दगडावाणी ऱ्हात्या. ऊस तोडीच्या टायमाला चाक त्यातनंच जातंय. आमच्या रानात येऊन बघा.”

मी पेन्सिल काढली. माझी ओळ खोडली नाही, तिच्याखाली तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहिलं. मग तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि “दगडावाणी”खाली रेघ ओढली.